मोटारीस पेट्रोल कोणतें?

महाग तें जोरदार, या समजुतीनें आमचे चिरंजीव मोटारींत १०० ऑक्टेनचें पेट्रोल भरून आणतात. वस्तुतः हा आंकडा शक्तीचा नसून धीराचा आहे. सिलिंडरमध्यें दट्ट्याच्या दाबानें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण तापतें. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोंचण्यापूर्वींच त्याचा कांहीं भाग आपोआप पेटला, कीं इंजिनांत ठकठक सुरू होते. ती फार काळ चालल्यास दट्ट्यास छिद्रही पडतें. जें पेट्रोल असें अकालीं पेटत नाहीं, त्याचा आंकडा मोठा. आयसोऑक्टेनचा १०० व हेप्टेनचा शून्य धरून तो ठरवितात. अधिक दाबाच्या इंजिनास तो अवश्य. साध्यास त्यापासून विशेष लाभ नाहीं. मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेंत किमान आंकडा छापलेला असतो. त्याखालीं मात्र जाऊं नये. आमच्या पुस्तिकेंत तो ९१ निघाला. चिरंजिवांनीं ती अद्याप उघडलेली नाहीं.