वय झालं म्हणून सोडून देऊ नका



आमच्या चाळीतले एक काका, गिरणीतून निवृत्त झालेले. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. एका खोलीत मुलगा, सून, नातवंडे झोपलेली. त्यांना ओलांडून चाळीच्या टोकापर्यंत जायचे. संकोच वाटे, म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडले. विचारले तर म्हणत, "वय झालं, चालायचंच." पुढे सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. रुग्णालयात नळी घातली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. पन्नाशीनंतर बहुतेकांची ती वाढत जाते व नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, सुरुवात व्हायला वेळ लागतो, थेंब थेंब गळते, पुन्हा पुन्हा जावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्रास थोडा असेल तर झोपण्यापूर्वी दोन तास पाणी व संध्याकाळचा चहा कमी करावा. दिवसा मात्र पुरेसे पाणी प्यावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने स्नायू सैल होऊन काही दिवसांत आराम पडतो. मात्र एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. फिनास्टेराइडने ग्रंथी आक्रसते, पण गुण यायला सहा महिनेही लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून गोळी सोडू नये. गोळ्यांनी भागले नाही, तर दुर्बिणीने लघवीच्या मार्गातूनच शस्त्रक्रिया करता येते. पोटावर चिरा द्यावा लागत नाही.

लघवी तुंबली, लघवीतून रक्त आले किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

काकांचे ऑपरेशन झाले. आता ते रात्री एकदाच उठतात. परवा म्हणाले, "दोन वर्षं उगाच सोसलं." आपल्या घरातले वडीलधारे आपणहून बोलणार नाहीत. आज त्यांना विचारा, आणि सोबत दवाखान्यात जा.