सीटखालचा कट्टा आणि एकविसाची अट

बीडहून धाराशिवकडे निघाले की मांजरसुंबा ओलांडल्यावर चौसाळा लागते. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. इथली आपली पोरे गॅरेजवर आहेत, फळांच्या गाड्यांवर आहेत, कोणी ड्रायव्हर आहे, कोणी भरतीच्या तयारीत पहाटे रस्त्याने पळतो आहे. रात्री कोणाच्या तरी स्कॉर्पिओत बसून धाब्यावर जाणे यात काही गुन्हा नाही. पण त्या गाडीत सीटखाली काय ठेवले आहे, हे आज प्रत्येक तरुणाने विचारायला हवे. हे संपादकीय त्याच प्रश्नाबद्दल आहे.

9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला आणि बीडचे नाव देशभर गेले. हा खून बंदुकीने झाला नव्हता, अमानुष मारहाणीने झाला. तरीही त्यानंतर पहिला प्रश्न बंदुकांचा निघाला. याचे कारण कंबरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो आणि हवेत गोळीबाराच्या चित्रफिती लोकांनी मोबाईलवर पाहिल्या होत्या. एकट्या बीड जिल्ह्यात 1,200 हून अधिक शस्त्रपरवाने असल्याचा आणि शेजारच्या परभणीत अवघे 32 असल्याचा आकडा तेव्हा पुढे आला. मुख्यमंत्र्यांना विधानसभेत परवान्यांची तपासणी करण्याचे सांगावे लागले. नंतर प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. त्याच्या सहा महिने आधी, जून 2024 मध्ये, परळीत मरळवाडीच्या सरपंचांचा गोळीबारात जीव गेला होता. म्हणजे धोका फोटोपुरता नव्हता.

इतके परवाने रद्द करता येत होते, तर मुळात दिले कसे गेले? प्रत्येक अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही लागते. ही सही ज्यांच्या शिफारशीवर होते, त्यांना जाब कोणी विचारत नाही. आमची पहिली मागणी तीच आहे. दर वर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि कोणत्या कारणासाठी झाले, याचे आकडे जिल्हा प्रशासनाने लोकांपुढे ठेवावेत. नावे नकोत, आकडे पुरेत.

आता वयाचे. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगण्याचे किमान वय मुळात 16 होते. 1983 च्या दुरुस्तीने ते 21 झाले. काही तरुण विचारतात, अठराव्या वर्षी मत देता येते, गाडी चालवता येते, मग बंदुकीलाच एकवीस का? याचे उत्तर अवघड नाही. मत चुकले तर पाच वर्षांनी दुरुस्त होते. गोळी सुटली की परत येत नाही. रागाच्या भरात, चार मित्रांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून माणूस सर्वात जास्त चुका ज्या वयात करतो, ते वय हेच आहे. अमेरिकेत 2022 च्या मे महिन्यात टेक्सासमधील युवाल्डे गावच्या मुलाने अठरावा वाढदिवस होताच कायदेशीररीत्या दोन रायफली घेतल्या आणि काही दिवसांत शाळेतली 19 मुले व 2 शिक्षिका मारल्या. तिथे परवानाधारक दुकानदाराला 21 वर्षांखालील गिऱ्हाईकाला पिस्तूल विकता येत नाही, पण रायफल अठराला मिळते. या फटीची किंमत त्या मुलांनी मोजली. आपली अट योग्य आहे आणि ती सैल होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याला नेमबाजीची आवड आहे त्याच्यासाठी रस्ता बंद नाही. सरावासाठी, देखरेखीखाली, कमी वयातही कायदा मुभा देतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलवरच कांस्यपदक आणले. रायफल हातात होती, ती शिस्तीत होती.

पण खरे सांगायचे तर आपल्या पोरांचा संबंध परवान्याच्या बंदुकीशी क्वचितच येतो. येतो तो गावठी कट्ट्याशी. आणि तोही स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या. इथे शस्त्र कायद्याचे कलम 35 प्रत्येकाने पाठ करावे. घर, वाहन किंवा इतर जागा अनेकांच्या ताब्यात असेल आणि तिथे शस्त्र सापडले, तर ज्याला ते माहीत होते असे मानायला कारण आहे, तो प्रत्येक जण ते शस्त्र त्याचेच असल्यासारखा जबाबदार धरला जातो. उलट सिद्ध करणे मग त्याच्यावर येते. म्हणजे नाकाबंदीत डिक्की उघडली आणि कट्टा निघाला, तर मागच्या सीटवरच्या पोराने ‘माझा नव्हता’ म्हणून भागत नाही. विनापरवाना बंदुकीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. खटला सुटेपर्यंत भरती गेली, चारित्र्य पडताळणी अडली, पासपोर्ट अडकला, अब्बांची जमापुंजी वकिलात गेली. आणि आपल्या नावाच्या पोराजवळ शस्त्र सापडले, तर बातमी कशी छापून येते, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून गाडीत बसण्याआधी विचारा. मित्र नाराज झाला तर होऊ द्या. कट्टा दिसला तर तिथेच उतरा, पुढच्या फाट्यापर्यंतही जाऊ नका. तो हातात घेऊन फोटो तर मुळीच काढू नका. परवानाधारकालाही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकूनच न्यावे लागते, ते मिरवण्याची किंवा वरातीत वाजवण्याची मुभा कोणालाच नाही. आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. तलवारीने केक कापणाऱ्यांवर याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात.

आणि झडती झालीच, तर घाबरून पळू नका. पळणे हाच पुरावा बनतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. अटकेचे कारण विचारा, घरी कळवायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

एक प्रश्न राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 30 मार्च 2025 च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातील अर्धा मसला गावच्या मस्जिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. तेव्हा काही तरुण म्हणाले, आता आपणही काही जवळ ठेवले पाहिजे. त्यांची भीती खोटी नाही. पण ती मस्जिद एखाद्या कट्ट्याने वाचली नसती. त्या दिवशी कामाला आली ती वेळेवर नोंदवलेली तक्रार आणि शांत राहिलेला गाव. विहिरी फोडायचे जिलेटिन कोणाच्याही हाती कसे लागते, हा प्रश्न सरकारला विचारणे हे आपले संरक्षण आहे. सीटखाली कट्टा ठेवला तर तो प्रश्न विचारण्याचा आपला हक्कच जातो.

बाजारातून किंवा मस्जिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला लागू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हाती देण्यासही त्यांनी मनाई केली. शस्त्र असणे आणि ते निष्काळजीपणे बाळगणे यातला फरक त्या काळीही समजावून सांगावा लागत होता.

या जुम्म्याला चौसाळ्यात आणि आसपासच्या गावांत नमाजनंतर पाच मिनिटे या विषयावर बोलावे, अशी आमची विनंती आहे. बुजुर्गांनी कलम 35 सांगावे. आणि पोरांनी घरी जाऊन, ज्या गाडीतून रोज फिरतो, तिची डिक्की एकदा उघडून पाहावी.