धसका

'अमक्याने धसका घेतला', असे आपल्याकडे सहज म्हणतात. जुनी माणसे तर एखाद्याच्या मृत्यूचे कारणही या एका शब्दात सांगून मोकळी होत. बँकेत असताना मला हे अडाणीपणाचे वाटे. कागदावर नाही ते खरे नाही, ही आमची शिकवण.

१९९३ साली मी जामखेडला होतो. आमचा कॅशियर किल्लारीकडचा. गणपती विसर्जनाला गावी गेला आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंतीखाली सापडला. त्याला लोकांनी बाहेर काढले. आईपर्यंत पोचायला उशीर झाला.

दोन महिन्यांनी तो कामावर आला. अंगावर ओरखडाही उरला नव्हता. पण रस्त्याने ट्रक गेला आणि काउंटरची काच थरथरली की हातातले बंडल सुटे. तळहाताच्या घामाने नोटा ओल्या होत. पोटात कळ येई. पहाटे चारच्या सुमारास छाती धडधडून जाग येते, असे सांगे. नगरला नेऊन कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. सगळे नॉर्मल. त्याच्या रजेच्या अर्जावर मी शेरा मारला: 'तपासणीत आजार आढळत नाही. कारण समाधानकारक नाही.' अक्षर माझे चांगले होते!

संकट दिसताच मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला सज्ज करतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन सुटते, नाडी वाढते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. संकट टळल्यावर हे सारे ओसरायला हवे. जबर आघातानंतर काहींचे ते ओसरत नाही. एखादा आवाज पुरतो आणि शरीर पुन्हा त्या पहाटेत जाते. कळ खरी असते, धडधड खरी असते. अवयव धड असतात, म्हणून अहवाल कोरे येतात.

आणि हे पोटाच्या कळीवरच थांबते असे नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसला भूकंप झाला. हृदय अचानक बंद पडून त्या एका दिवसात २४ माणसे गेली. एरवी रोजची सरासरी पाचाच्याही आत होती. जपानी डॉक्टरांनी तर १९९० साली अशा हृदयविकाराला 'ताकोत्सुबो' हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस धरायचे मडके. जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा त्या मडक्यासारखा फुगतो, रक्तवाहिनी मात्र तुंबलेली नसते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. (छातीत दुखले तर आधी हृदयच तपासायचे, हे सांगायला नकोच.) जुनी माणसे अगदीच अडाणी नव्हती.

पुढे गावातल्या एका वयस्क डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी त्याला त्या रात्रीची हकिगत विचारली. बँकेत ती कोणी विचारली नव्हती, मीही नाही. वर्षभर तो त्यांच्याकडे जात राहिला. हळूहळू नोटा कोरड्या राहू लागल्या.

गेल्या दिवाळीत त्याच्याकडे मुक्कामाला होतो. त्याची खाट दारालगतच होती. पहाटे मला जाग आली तर हा उठून बसलेला, चहा चुलीवर. त्या शेऱ्याचा विषय मीच काढला.

"जाऊ द्या साहेब," तो म्हणाला, "बिनपगारी का होईना, रजा दिली होती तुम्ही."