हिऱ्याचे कूळ

लग्नसराई आली की गोंदियाच्या बाजारात ‘अमेरिकन डायमंड’चे हार दुकानादुकानांतून लखलखू लागतात. नावात हिरा आहे. खड्यात मात्र नाही! तो खडा असतो झिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा सख्खा भाऊ.

मग प्रयोगशाळेतला हिरा कोणता? तोही कार्बनच. १९५५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचंड दाब व उष्णता देऊन हिरा घडविल्याचे जाहीर केले. आज वायूतील कार्बनचे थर चढवूनही हिरे वाढवितात. सुरतेत तो मोठा धंदा आहे. काठिण्य, घनता, तेज, सारे खाणीतल्या हिऱ्यासारखेच. दोघांतला भेद सोनाराच्या भिंगालाही दिसत नाही; त्यासाठी खास यंत्रे लागतात.

नकली खडा त्या मानाने सहज सापडतो. अमेरिकन डायमंड त्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीहून जड भरतो. फुंकर मारली तर हिऱ्यावरची वाफ तत्काळ विरते, खड्यावर ती रेंगाळते. घणाची परीक्षा मात्र कोणी घेऊ नये. हिऱ्यावर सहसा ओरखडा उठत नाही, पण घावाने तो फुटतो!

‘शेवटी कारखान्यातलाच तो!’ म्हणून काही जण नाक मुरडतात. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणणारे आपण हिऱ्याचे कूळ मात्र आवर्जून शोधतो. आपल्या शेजारी, गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडला एके काळी हिऱ्यांच्या खाणी होत्या. ‘आईन-ए-अकबरी’तही त्यांचा उल्लेख आहे. त्या हिऱ्यांनी राजांचे मुकुट सजले असतील, पण खणणाऱ्याच्या पदरात काय पडले? केवळ मातीतून निघाला म्हणून हिरा थोर, हे मला पटत नाही.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. बाजारात किंमत कुळावरच ठरते. प्रयोगशाळेतला हिरा खाणीतल्याहून कितीतरी स्वस्त, आणि खडा तर कवडीमोल. म्हणून कूळ लपविणे ही फसवणूकच होय. धान विकून लेकीचे लग्न करणारा बाप दागिन्याकडे शोभा म्हणून पाहत नाही, अडीअडचणीचा आधार म्हणून पाहतो. मोडायची वेळ आली तेव्हा खडा निघाला, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

खडा स्वस्त आहे म्हणून तो लबाड ठरत नाही. ‘खडा’ म्हणून विकला तर तो प्रामाणिकच. लबाडी असते ती विकणाऱ्याच्या जिभेवर. तेव्हा मित्रांनो, घरच्या खरेदीला आपण बरोबर जाऊ या, पक्के बिल मागू या आणि दगडाचे नाव त्यावर स्पष्ट लिहून घेऊ या. चार अक्षरे शिकल्याचा घराला एवढा तरी उपयोग व्हायला नको का?