आधीं लेंकरूं, मग खटला

दसरा उलटला कीं आमच्या घाटावरच्या खेड्यांतून मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. जानेफळ काय, लोणार-सिंदखेड राजाकडचीं गांवें काय, कोरडवाहू रानावर पोट भरत नाहीं म्हणून माणसें उचल घेतात. नवराबायको मिळून एक कोयता होतो आणि घराला सहा महिने कुलूप लागतें. उचल फिटली तर ठीक. न फिटली तर मागच्या सालाची बाकी पुढच्या सालाच्या मानेवर बसते आणि माणूस मजूर न राहतां गहाण पडतो. ह्याला आम्ही ‘व्यवहार’ म्हणतों.

माणसांचा व्यापार म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें मुंबईचा कामाठीपुरा येतो. तोही व्यापार खराच. पण थापा देऊन किंवा पैसा चारून माणूस घरून हलवावयाचा आणि परमुलखांत त्याला गुलामासारखें राबवावयाचें, हें जेथें होतें तेथें व्यापार झालाच. उचल घेऊन ऊस तोडणें हा कांहीं गुन्हा नव्हे. हिशेब न देतां मजूर अडकवून ठेवला, त्याचें लेंकरूं ओलीस धरलें, कीं तेथें गुन्हा सुरू होतो.

नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी तालुक्यांत उभाडे म्हणून गांव आहे. तेथील कातकरी वस्तींतली दहा वर्षांची एक पोर अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील मेंढपाळाकडे मेंढरें राखावयास गेली होती. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस मरणाला टेकलेल्या स्थितींत तिला आईबापाच्या झोपडीसमोर टाकून दिलें गेलें. सप्टेंबरच्या आरंभीं ती नाशिकच्या दवाखान्यांत मेली. मग श्रमजीवी संघटनेनें आवाज उठविला, पोलिसांनीं शोध केला, आणि तशींच आणखी लेंकरें निघालीं. मोल काय, तर थोडे रुपये आणि एखादी मेंढी.

हें वाचून आमचा वाचक लगेच भटाला आणि शेटजीला शिव्या द्यावयास उठेल. ती आमची जुनी खोड आहे, आणि पुष्कळदां ती रास्तही होती. पण ह्या गोष्टींत ना भट आहे ना सावकाराची पेढी. घेणारा आमच्यासारखाच रानांत राबणारा, देणारा त्याहून नागवा. ऊसतोडीचा मुकादमही बहुतेक आमच्याच भावकींतला, आमच्याच लग्नाच्या पंगतींत जेवणारा. म्हणूनच आम्ही गप्प बसतों.

पोर मेल्यावर खटला उभा राहतो. ती जिवंत असतां कां राहत नाहीं? अशा प्रकरणांत पहिला साक्षीदार असतो बाप, आणि बापानें चार पैसे घेतलेले असतात. इंग्रज सरकारनें १९३३ सालीं मुलांची मजुरी गहाण टाकण्याविरुद्ध कायदा केला. त्यांत मालकाला २०० रुपयांपर्यंत दंड आणि बापाला ५० रुपयांपर्यंत. ज्याच्यापाशीं ५० दमड्या नाहींत त्याला ५० रुपयांची भीति! असा बाप ठाण्याची पायरी कशाला चढेल?

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानें अधिक शहाणपण दाखविलें. वेठीचें कर्ज बुडालें, तें फेडावयाचें कारण नाहीं. शिवाय तें कर्ज वेठीचें नव्हे, हें सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला, मजुरावर नव्हे. आमच्या किती मजुरांना हें ठाऊक आहे? मुकादमाला मात्र पुरतें ठाऊक असतें, म्हणून तो कागद करीत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमांत माणसांच्या व्यापाराला ७ ते १० वर्षें, आणि लेंकराचा व्यापार केला तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘ती आपखुषीनें आली होती’ ही सबब त्यांत चालत नाहीं.

कायदा कडक आहे. साक्षीदार उपाशी आहे. सुटलेल्या वेठबिगार पुरुषाला केंद्राच्या योजनेंत १ लाख, बाईला व लेंकराला २ लाख आणि फार वाईट प्रकरणांत ३ लाख रुपये ठरलेले आहेत. पण ही रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशीं बांधून ठेवली आहे. ताबडतोब मिळावयाचे ते ३० हजारांपर्यंत. खटला चालणार वर्षानुवर्षें, तोंवर मजुरानें खावें काय? तो पुन्हां त्याच मुकादमाची उचल घेणार, आणि ती उचल घेतलेला साक्षीदार कोर्टांत काय बोलेल हें सांगावयास वकील नको. आमचें मत असें कीं ही शिक्षेची अट काढून टाकावी. सुटकेचा दाखला हातीं पडला कीं पैसाही हातीं पडला पाहिजे.

आम्ही कांहीं नवें सांगत नाहीं. फसविलेल्या विधवेनें लेंकरूं मारलें कीं सरकार तिच्यावर खटला भरी आणि फसविणारा मोकळा फिरे, त्या काळांत जोतीराव-सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. गुपचूप या आणि सुखरूप बाळंत व्हा, असें सांगितलें. आधीं आई आणि मूल जगविलें, जाबजबाब मागितला नाहीं.

उलट आजची सुटका म्हणजे पुष्कळदां कोंडवाडाच. धाड घालून आणलेल्या सज्ञान बाया सुधारगृहांत अडकून पडतात. सप्टेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा तिघींना, इच्छेविरुद्ध ठेवतां येणार नाहीं म्हणून, सोडून दिलें. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही अशा बायांना माणुसकीनें वागवा म्हणून पोलिसांना बजावलें. ज्याचें चोरीस गेलें तोच कोठडींत, असा न्याय जिला मिळाला ती पोलिसाला दलालाचें नांव सांगेल काय?

आणि गांव? पोर परत आली कीं पोलिसांच्या आधीं पारावर चौकशी बसते. कोठें होतीस, कोणाबरोबर होतीस, आतां हिला कोण करून घेणार! बाप लाजेनें तक्रार मागें घेतो. दलालाला वकील करावा लागत नाहीं, गांवच त्याचें वकीलपत्र घेतें.

आतां कामाचें. तक्रार कोठल्याही ठाण्यांत देतां येते. आपला माणूस कोल्हापुराकडे फडावर अडकला असला तरी जानेफळच्या ठाण्यानें ती लिहून घेतली पाहिजे, हद्दीचें कारण सांगून परत धाडूं नये, आणि नक्कल फुकट दिली पाहिजे. बाईला किंवा १५ वर्षांखालच्या लेंकराला साक्षीसाठीं ठाण्यांत बोलावतां येत नाहीं. पोलिसांनीं तिच्या राहत्या घरीं यावयाचें असतें. वकील पाहिजे तर मेहकरच्या कोर्टांत तालुका विधि सेवा समिति आहे. बायांना, लेंकरांना आणि वेठीला धरलेल्यांना तेथें वकिलाचा पैसा पडत नाहीं.

एक मोठी गोष्ट राहिलीच. १९७६ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिति असावी लागते आणि तिच्यांत अनुसूचित जातिजमातींचे तिघे घ्यावेच लागतात. मेहकर उपविभागाच्या समितींत कोण कोण आहेत आणि ती शेवटची कधीं बसली, हें मुकादम गांवांत येण्यापूर्वींच्या ग्रामसभेंत विचारा आणि उत्तर लेखी मागा.