जखम मांडीला, मलम शेंडीला

इकडे अमेरिकेत चार मराठी टाळकी जेवायला जमली की तीन विषयांतून सुटका नाही. ग्रीनकार्ड, मुलांची कॉलेजं आणि "तू ही गाडी अजून चालवतोस?" पहिले दोन विषय सगळ्यांचे असतात. तिसरा माझा एकट्याचा. कारण बाहेर चकचकीत एसयूव्हींच्या रांगेत माझी २००३ सालची सुबारू आउटबॅक स्टेशन वॅगन उभी असते, लग्नाच्या हॉलमध्ये धुवट सदरा घालून आलेल्या मामांसारखी. दोन लाख दहा हजार मैल झालेत तिचे.

मग सल्ले सुरू होतात. "अरे काढून टाक, पैसे घालतोयस त्या खटाऱ्यात." "तुझ्या तासाचा रेट काय आणि तू गाडीखाली काय झोपतोस!" एकजण तर दर वेळी म्हणतो, "म्हातारी झाली रे ती आता."

मंडळी, माझं भांडण नेमकं या शेवटच्या वाक्याशी आहे. "म्हातारी झाली" हे निदान नव्हे. ती निदान न करण्याची सबब आहे. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखला तर डॉक्टर निदान दोन्ही गुडघे बघतो (दुसराही तितकाच म्हातारा असून तो का दुखत नाही, हे विचारतो). गाडीच्या बाबतीत मात्र आपण वय विचारतो आणि थेट तेराव्याची तयारी करतो.

दोन उदाहरणं देतो. दोन्ही माझ्याच गाडीची.

पहिलं. एका हिवाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला. १९९६ पासून इकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ हे निदानाचं सॉकेट सक्तीचं आहे. त्यात यंत्र खुपसलं की कोड मिळतो. मला मिळाला पी०४२०. एका वर्कशॉपमधल्या सद्‌गृहस्थांनी कोड वाचला आणि गाडी वरही न उचलता सांगितलं, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. अठराशे डॉलर."

आता हा कोड काय म्हणतो? एवढंच, की कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली आहे असं कॉम्प्युटरला वाटतंय. वाटतंय! कॉम्प्युटर काही कन्व्हर्टर उघडून बघत नाही. तो दोन ऑक्सिजन सेन्सरचे आकडे बघतो, एक कन्व्हर्टरच्या आधीचा आणि एक नंतरचा. पुढचा सेन्सर सतत वरखाली नाचतो, मागचा शांत असायला हवा. मागचाही नाचायला लागला की दिवा लागतो. पण मागचा नाचायची कारणं अनेक आहेत. सेन्सर म्हातारा झालेला असेल. इंजिन मिसफायर करत असेल. किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल. कन्व्हर्टर खरोखर मेलेला असणं ही शेवटची शक्यता, आणि सगळ्यात महागडी. म्हणून तपासायची सगळ्यात शेवटी. आमच्या सद्‌गृहस्थांनी यादी उलटी धरली होती.

थंडगार सकाळी गाडी चालू केली आणि बाजूला उभं राहून ऐकलं. फट्‌ फट्‌ असा बारीक आवाज, इंजिन तापलं की गायब. (धातू तापून फुगतो, फट बुजते.) इंजिन गार झाल्यावर टॉर्च घेऊन खाली गेलो, तर इंजिनाला एक्झॉस्टचा पाइप जोडतात तिथे काजळीचा काळा ओघळ. रस्त्यावरच्या मिठाने पॅकिंग खाल्लेलं. पॅकिंग वीस डॉलरच्या आत आलं. गंजलेल्या नटांनी एक शनिवार खाल्ला हे खरं. पण दिवा गेला तो गेलाच.

ताप मोजून थर्मामीटर १०२ दाखवतो म्हणून कोणी "१०२ साठीच्या गोळ्या" देत नाही. कोड म्हणजे थर्मामीटर आहे. त्याच्याकडून प्रिस्क्रिप्शन लिहून घेणारा मेकॅनिक, आणि ते निमूटपणे घेणारे आपण, दोघंही सारखेच.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं, कारण ते फक्त ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं आहे. गाडी घेतली तेव्हा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की ती अडखळायची, कोणीतरी हँडब्रेक ओढून धरल्यासारखी. याला टॉर्क बाइंड म्हणतात. दुसऱ्या एका गॅरेजचं मत: ट्रान्समिशन गेलं, चार हजार डॉलर, त्यापेक्षा गाडीच बदला.

या ऑटोमॅटिक गाडीत मागच्या चाकांना ताकद देणारा एक क्लच असतो, बऱ्याच चकत्यांचा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरताहेत असं दिसलं की कॉम्प्युटर समजतो, चाकं घसरताहेत. मग तो क्लच आवळतो. बर्फात हे वरदान आहे. आता कोरड्या रस्त्यावर, चाक घसरत नसताना वेग वेगळा का असेल? टायर लहानमोठे असतील तर! आधीच्या मालकाने पुढे दोन कोरे टायर घातले होते आणि मागे झिजलेलेच ठेवले होते. साध्या गाडीत हे चालतं. इथे नाही.

गणित करून बघा, शाळेतलंच आहे. कोऱ्या टायरची नक्षी साधारण १०/३२ इंच खोल, माझ्या मागच्या टायरची ४/३२. म्हणजे त्रिज्येत ६/३२ इंचाचा फरक. दोन पाय गुणिले ६/३२, म्हणजे परिघात जवळजवळ १.२ इंच. कंपनी सांगते की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. इथे चौपटीहून जास्त! या टायरचा परीघ सुमारे ८३ इंच. म्हणजे दर मैलाला मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा-अकरा फेऱ्या जास्त मारत होती, आणि बिचारा क्लच ते सगळं अंगावर घेत होता.

खात्री करायचा उपायही फुकट. त्या काळच्या सुबारूच्या बॉनेटखाली एफडब्ल्यूडी लिहिलेली एक रिकामी जागा असते. तिथे साधा फ्यूज खुपसला की मागच्या चाकांची ताकद बंद. (छोटी स्टेपनी लावून चालवायची वेळ आली तर म्हणून ही सोय.) फ्यूज घातला आणि वळणातलं अडखळणं गेलं. म्हणजे क्लच सुटतोय, सोलेनॉइड काम करतोय, ट्रान्समिशन ठणठणीत आहे. चार सारखे टायर घेतले, ट्रान्समिशनचं तेल तीनदा काढून नवं भरलं. खर्च सहाशेच्या आसपास, आणि त्यातले टायर तर कधीतरी घ्यायचेच होते. चार हजारांचा आजार एक टेप आणि एका फ्यूजने खोटा ठरला.

आता जाणकार वाचक म्हणतील, हेड गॅस्केटचं काय? बरोबर आहे. या २.५ लिटर इंजिनांचं ते दुखणं जगजाहीर आहे, मी काही सुबारूचा वकील नाही. नव्वदीच्या उत्तरार्धातल्या डबल कॅम इंजिनात ते आतून फुटायचं आणि गाडी तापायची. नंतरच्या सिंगल कॅम इंजिनात बहुधा बाहेरून, खालच्या बाजूने तेल किंवा कूलंट झिरपतं. पण दुखणं प्रसिद्ध असलं की आणखी एक घोळ होतो. प्रत्येक दुखण्याला तेच नाव मिळतं. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळलं, तेल खाली एक्झॉस्टवर पडलं, जळका वास आला की "हेड गॅस्केट!" कूलंट बदलल्यावर या आडव्या इंजिनात हवा अडकून राहते, काटा वर चढतो की पुन्हा "हेड गॅस्केट!" अहो, गाडीचं तोंड चढाला लावून सावकाश कूलंट भरा, हवा जाऊ द्या. आणि खरंच शंका असेल तर निळ्या द्रावाची चाचणी आहे. कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत असतील तर तो पिवळा पडतो. पुढच्या ढोपऱ्यावरच्या इनर बूटचंही तेच. एक्झॉस्टच्या उष्णतेने रबर तडकतं, ग्रीस उडून जळतं, आणि त्या वासावर लोक इंजिन उघडायला निघतात.

उलट, जिथे खरोखर वेळेवर पैसे खर्च करायचे तिथे आपण हात आखडतो. टायमिंग बेल्ट १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, जे आधी होईल तेव्हा बदलायचा, असं कंपनीच सांगते. हे इंटरफिअरन्स इंजिन आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि खेळ खलास. बेल्टबरोबर पुली, टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण नवा बेल्ट जुन्या पुलीच्या बेअरिंगने मारला तरी मरण तेच. पण "चालतेय ना?" म्हणत ढकलणारे लोक मी पाहिलेत. मग एक दिवस हायवेवर गाडी बंद पडते आणि दोष कुणाला? गाडी म्हातारी झाली!

पैशांचा मुद्दा घेऊ. २०२५ च्या सप्टेंबरात इकडे नव्या गाडीची सरासरी किंमत ५०,००० डॉलरच्या पुढे गेली. रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ सालीच साडेबारा वर्षांच्या वर होतं. म्हणजे जुनी गाडी चालवणारा मी काही विक्षिप्त प्राणी नाही, हा देशच जुन्या गाड्यांवर चालतो. त्यात माझ्यासारखे हौशी कमी. बाकीचे रात्रपाळीची नर्स, गोदामातला कामगार, विद्यार्थी. चुकीच्या निदानाचे अठराशे डॉलर मला टोचतात, पण त्यांचं घरभाडं थकतं. माझा राग आहे तो इथे. "तासाचा रेट" वगैरे हिशोब करणाऱ्यांना परवडतं म्हणून ते खोटं निदान खपवून घेतात, आणि खपतंय म्हणून ते सगळ्यांना विकलं जातं.

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुन्या गाडीत नवी सुरक्षितता नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल २०१२ च्या मॉडेलपासून इकडे सक्तीचं झालं, माझ्या गाडीत ते नाही. ज्यांच्या घरात नुकतं गाडी शिकलेलं पोर आहे त्यांनी हा विचार जरूर करावा. आणि गंज. मिठाच्या प्रदेशात गंज हाच यमदूत. मागच्या सबफ्रेमला भोक पडलं, ब्रेकच्या नळ्या खपल्या धरू लागल्या की भावनेला जागा नाही. माझ्याही गाडीचा तो दिवस येईल, तेव्हा मी तिला स्वतः भंगारात सोडून येईन. पण तेही निदान करून! हातोडीने ठोकून, भोक बघून. जेवणाच्या टेबलावरच्या बहुमताने नव्हे.

आता थोडं पुढचं बोलतो. आम्हा मॅसॅच्युसेट्सकरांनी २०१२ साली मतदान करून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला, म्हणजे डीलरला मिळते ती निदानाची माहिती कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही मिळायला हवी. २०२० मध्ये पुन्हा मतदान झालं, गाडी बिनतारी पाठवते त्या माहितीबद्दल. सुमारे ७५ टक्के लोक बाजूने. कार कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. माझ्या लाडक्या सुबारूनेही २०२२ च्या मॉडेलसाठी या राज्यात ती बिनतारी सेवाच बंद ठेवली होती. म्हणजे माहिती वाटून घेण्यापेक्षा कुणालाच नको!

हे कायद्याचं भांडण वकिलांचं आहे असं आपल्याला वाटतं, पण ते नाही. ज्याला "कशावरून?" विचारायची सवयच उरली नाही, त्याला माहितीचा हक्क मिळून उपयोग काय? पुण्या-कोल्हापुरात आपल्या वडिलांच्या पिढीने बजाजची चेतक आडवी करून, प्लग घासून चालू केली. ते काही इंजिनिअर नव्हते. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, एवढे दोन प्रश्न त्यांना ठाऊक होते, त्याच क्रमाने. आपण त्यांची इंजिनिअर झालेली मुलं. ऑफिसात एखादा सर्व्हर पडला तर "रूट कॉज" काढल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नाही. आणि स्वतःच्या गाडीचं बिल वाचतही नाही.

गाडीखाली झोपा असं मी कुणालाच म्हणत नाही. पाना हातात धरायचीही गरज नाही. पुढच्या वेळी कोणी "अमुक बदलावं लागेल" म्हणालं की एवढंच विचारा: तुम्ही काय तपासलंत, आणि दुसरं काय असू शकतं? चांगला मेकॅनिक खूश होऊन दाखवायला घेऊन जाईल. जो चिडेल, त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घ्या.