घरची बिअर आणि १९४९ चा कायदा

मार्गशीर्ष लागला की अंबरनाथ-बदलापूरच्या पहाटेला गारवा येतो. जवाचे मोड, होप्सची फुले आणि यीस्ट यांपासून बिअर आंबविण्यास हीच हवा मानवते. वैशाखाच्या उकाड्यात यीस्ट उतावळे होऊन चव नासते. ताडाशिंदीच्या रसाचेही तेच, थंडीत नीरा अधिक वेळ गोड राहते.

परंतु हे घरगुती सुख आपल्याकडे गुन्हा आहे. निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले १९४९ साली. मुंबई दारूबंदी कायदाही त्याच वर्षाचा. पुण्या-मुंबईच्या परवानाधारक बिअरशाळांत ताजा पेला उजळ माथ्याने विकला जातो. उल्हासनगरातील एखाद्या कारकुनाने स्वतःपुरत्या चार बाटल्या आंबविल्या, तर तो आरोपी! हा पंक्तिप्रपंच जुनाच. १८९२ साली इंग्रज सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध लादले आणि आदिवासींना आपल्याच रानात चोर ठरविले. त्याच इंग्रजांच्या मायदेशात १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही.

हातभट्टीचे भय दाखविले जाईल, आणि ते खोटे नाही. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसे दगावली. पण तो घात मिथेनॉलचा होता. धान्य नुसते आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते घातक प्रमाणात उतरत नाही. भट्टीवर दारू गाळणे वेगळे, मडक्यात आंबविणे वेगळे. हा भेद ओळखून, विक्रीविना व ठरावीक लिटरांपुरती, साध्या नोंदणीवर मुभा देण्यास शासनाने कचरू नये.